रासायनिक अस्त्रं : शरीरात नेमकं काय बिघडतं?

दहा_नऊ_आठ

परवा दुसऱ्या एका धाग्यावर सीरियाचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी लिहिलं होतं, "सारिन म्हणजे असला वायू की हुंगला की माणूस खलास." तिथे उत्तर लिहायला बसलो, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी भूलतज्ज्ञ आहे. युद्धातलं मला ओ की ठो कळत नाही. पण सारिन शरीरात जी कळ दाबतं तीच कळ मी रोज दाबतो, त्यामुळे चार शब्द लिहायला हरकत नसावी.

ऑपरेशन चालू असताना पेशंटचे स्नायू सैल राहावेत म्हणून आम्ही एक औषध देतो. टाके घालून झाले की त्याचा अंमल उतरवायचा असतो, त्यासाठी निओस्टिग्मिन टोचतात. मज्जातंतूकडून स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत. निरोप पोचला रे पोचला की तो पुसून टाकायला एक विकर (एन्झाइम) तिथेच टपून बसलेलं असतं, ॲसिटिलकोलिनेस्टरेझ. निओस्टिग्मिन या पुसणाऱ्याचा हात थोडा वेळ धरून ठेवतं. निरोप साचतात, सैल पडलेले स्नायू पुन्हा ऐकू लागतात, पेशंट आपला आपण श्वास घेऊ लागतो. पण निरोप काही फक्त स्नायूंपाशीच साचत नाहीत. लाळ सुटते, नाडी मंदावते. म्हणून सोबत ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिन द्यावंच लागतं. पुढे निओस्टिग्मिनची पकड आपोआप सुटते आणि मी पुढच्या केसला लागतो.

टाबून, सारिन, सोमान, व्हीएक्स ही मज्जातंतूंवर घाला घालणारी अस्त्रं नेमका हाच हात धरतात. आणि सोडत नाहीत.

हे घराणं मुळात कीटकनाशकांचं. जर्मनीत गेरहार्ड श्राडर किडे मारायची औषधं शोधत होता, त्यातून १९३६ मध्ये टाबून निघालं आणि १९३८ मध्ये सारिन. त्यामुळे मी सारिनचा पेशंट पाहिलेला नसला तरी त्याच्या चुलतभावाचे पुष्कळ पाहिलेत. शिकत असताना एकदा रात्री कीटकनाशक प्यायलेला एक तरुण आला. उशी भिजलेली, शर्ट भिजलेला, तोंडातून फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पापणीखालचा, गालाचा, मांडीचा स्नायू कातडीखाली किडे वळवळावेत तसा हलत होता. छातीला स्टेथोस्कोप लावला तर हुक्का ओढल्यासारखा आवाज. त्या रात्री ॲट्रोपिनच्या इतक्या ॲम्प्यूल फोडल्या की सकाळी अंगठ्याला चिरा पडल्या होत्या. सिनियरने एकच सांगितलं होतं, "बाहुल्यांकडे बघू नकोस, छाती ऐक. छाती कोरडी झाली की थांब." मज्जातंतूंवर घाला घालणाऱ्या सगळ्या अस्त्रांना हाच नियम लागू आहे. बाहुल्या पुढे कित्येक दिवस बारीक राहू शकतात, त्यांच्या नादी लागलं तर ॲट्रोपिनचंच विष होईल.

ॲट्रोपिन पूर आवरतं, पण धरलेला हात सोडवत नाही. सोडवायला प्रॅलिडॉक्सिमसारखी ऑक्झाइम औषधं. त्यांना मात्र घाई असते, कारण विष आणि विकर यांची गाठ काही वेळाने कायमची होते. शास्त्रीय शब्द एजिंग, मी आपला 'मुरणं' म्हणतो. लोणचं मुरतं तसं. सारिनला मुरायला साधारण पाच तास लागतात, सोमानला दोन-चार मिनिटं. म्हणजे सोमानच्या बाबतीत ऑक्झाइम घेऊन धावत येणारा डॉक्टर बहुतेक वेळा उशिराच पोचणार. म्हणूनच काही सैन्यं सोमानच्या धास्तीने सैनिकांना आधीच पिरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या देतात. हे निओस्टिग्मिनचं सख्खं भावंड. आपणच विकराचा थोडा भाग तात्पुरता अडवून ठेवायचा, म्हणजे तेवढा तरी सोमानच्या हाती लागत नाही. तिसरं औषध डायझेपाम किंवा मिडाझोलाम, झटक्यांसाठी. झटके लांबले तर मेंदूचं जे नुकसान होतं ते नंतर भरून येत नाही.

आता "हुंगला की खलास" बद्दल. सारिन भरपूर प्रमाणात श्वासात गेलं तर हे मिनिटांत होतं, खरं आहे. पण बाकीच्या बऱ्याच अस्त्रांचं उलट आहे. फॉस्जीन हा फुफ्फुसावर घाला घालणारा वायू. तो घेतलेला माणूस थोडा खोकतो, बरा होतो, चालत घरी जातो आणि रात्री त्याच्या फुफ्फुसात पाणी भरतं. मस्टर्ड, म्हणजे कातडीवर फोड आणणारं अस्त्र, अंगावर पडतं तेव्हा दुखतही नाही. मला या विषयात सगळ्यात भयंकर वाटतो तो हा उशीर. दुखणं हा शरीराचा पहारेकरी, आणि इथे पहारेकऱ्यालाच पत्ता लागत नाही.

जाणकारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.


रानजाई

बापरे. एका दमात वाचलं. एक बाळबोध प्रश्न : शेवटी मरण कशाने येतं? हृदय बंद पडून की मेंदू?


इतिहासवेडा

+१, वाचतोय. पहिल्या महायुद्धाबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो.


दहा_नऊ_आठ

@रानजाई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. मरण येतं श्वासाने, आणि तेही तिन्ही बाजूंनी. श्वासनलिका आवळतात आणि स्रावाने भरतात. छातीचे आणि पोटाच्या पडद्याचे स्नायू आधी फडफडतात, मग थकून लुळे पडतात. आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्र गप्प होतं. म्हणून औषधांच्या आधी सक्शन, नळी, व्हेंटिलेटर. हृदय बिचारं बरंच नंतर हार मानतं.

एक गंमत, गंमत म्हणायची तर. कीटकनाशकाच्या पेशंटला ॲट्रोपिन दिवसेंदिवस लागतं, कारण ते चरबीत साठून हळूहळू बाहेर पडत राहतं. सारिनच्या पेशंटला त्या मानाने फारच कमी पुरतं. पहिले काही तास निभावले तर माणूस वाचायची शक्यता चांगली असते.


प्रयोगशाळेतला_उंदीर

चांगला धागा. एक किडा काढतो : 'वायू' हा शब्दच घोटाळ्याचा आहे. क्लोरीन आणि फॉस्जीन हे नेहमीच्या तापमानाला खरोखरचे वायू. सारिन हा द्रव, पाण्यासारखा उडून जाणारा. व्हीएक्स तेलकट, सहसा उडत नाही, म्हणून ते कातडीतून जातं आणि पृष्ठभागांवर टिकून राहतं. मस्टर्ड तर जड तेलच. साधारण १४ अंश सेल्सिअसला गोठतं. म्हणजे थंडीत गोठून बुटांना, कोटाला चिकटून बसतं आणि माणूस उबदार खोलीत आला की वाफ होऊन सगळ्यांना लागतं. पहिल्या महायुद्धात असं झालेलं आहे.

वासाचं पण सांगतो. फॉस्जीनला नुकत्याच कापलेल्या गवताचा वास, मस्टर्डला लसणीसारखा, हायड्रोजन सायनाइडला कडू बदामाचा, असं पुस्तकात असतं. पुस्तकातच ठेवा. सायनाइडचा वास कित्येक माणसांच्या नाकाला जन्मतःच येत नाही, मस्टर्डला नाक चटकन सरावतं आणि शुद्ध सारिनला वास जवळजवळ नसतोच.


इतिहासवेडा

आलो.

२२ एप्रिल १९१५, बेल्जियममधलं ईप्र. संध्याकाळी वारा अनुकूल झाल्यावर जर्मनांनी खंदकात पुरलेली पाच हजारांहून अधिक नळकांडी उघडली. दीडशे टनांच्या वर क्लोरीन. हवेपेक्षा अडीचपट जड, त्यामुळे पिवळट हिरवा ढग जमिनीलगत सरपटत गेला आणि खंदकात उतरला. गोळ्यांपासून वाचायला जिथे दडायचं, नेमका तिथेच. चार दिवसांनी प्रतिहल्ल्याला लाहोर डिव्हिजन पाठवली. गॅसचे मुखवटे नव्हतेच, तोंडाला ओली फडकी. त्यात ५७ वाइल्ड्स रायफल्सबरोबर लढणारे जमादार मीर दस्त होते. अधिकारी पडल्यावर त्यांनी तुकडी सांभाळली आणि आठ ब्रिटिश व भारतीय अधिकाऱ्यांना गोळीबारातून उचलून आणलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण स्वतः गॅसमध्ये सापडले होते. पदक छातीवर आणि क्लोरीन छातीत.

या सगळ्याची देखरेख फ्रिट्झ हाबरने केली. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायची पद्धत काढणारा हाच. म्हणजे आज निम्म्या जगाचं पोट ज्याच्या खतावर भरतं तो माणूस. त्याची बायको क्लारा इमरवार स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट. ईप्रनंतर दहा दिवसांनी तिने त्याच्याच पिस्तुलाने जीव दिला. हाबरला पुढे १९१८ सालचं नोबेल मिळालं.


नीरा

क्लोरीनवरून आठवलं, माझाच मूर्खपणा सांगते. बाथरूम चकाचक करायच्या भरात फरशीवर आधी ब्लीच ओतलं आणि डाग जाईना म्हणून त्यावर टॉयलेट साफ करायचं ॲसिड. दार लावलेलं. दोन सेकंदांत घशात कुणी सुई खुपसावी तसं झालं, डोळे मिटले ते उघडेनात, कडी चाचपडत बाहेर पडले. दोन दिवस खोकत होते. तेव्हा कळलं नव्हतं हे काय झालं. आज हा धागा वाचताना कळलं की मी घरातल्या घरात ईप्र केलं होतं.


दहा_नऊ_आठ

@नीरा, ईप्रच, छोट्या प्रमाणात. क्लोरीन ओलाव्यात विरघळून आम्लं तयार करतो आणि डोळे, नाक, घसा ही सगळी ओलीच ठिकाणं. पण तुम्ही वाचलात त्या सुईमुळेच. क्लोरीन पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो, म्हणून वरच चावतो आणि माणूस पळतो. फॉस्जीन पाण्यात फारसा विरघळत नाही. तो न चावता थेट वायुकोशांपर्यंत उतरतो आणि तिथलं नाजूक अस्तर गळकं करतो. काही तासांनी, कधी पूर्ण दिवसाने, रक्तातला द्रव झिरपून वायुकोश भरतात. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. पहिल्या महायुद्धात गॅसने मेलेल्यांपैकी बहुतेक जण फॉस्जीनचे बळी होते, आवाज आणि नाव मात्र मस्टर्डचं झालं.

फॉस्जीनला उतारा नाही. उपचार म्हणजे ऑक्सिजन, गरज पडली तर व्हेंटिलेटर, आणि सक्तीचा आराम. आरामावर जोर आहे, कारण मधल्या बऱ्या वाटणाऱ्या काळात जो धावपळ करतो त्याचं फुफ्फुस लवकर आणि जास्त भरतं. "मला काही झालं नाही" म्हणून जखमींना उचलायला धावलेला सैनिक रात्री आडवा, असं होत असे. त्यामुळे असा संशय असलेल्या माणसाला ठणठणीत दिसला तरी दिवसभर नजरेखाली ठेवतात.


खडूस

सगळं वाचलं. माहिती उत्तम, पण मला एक कळत नाही, आणि हे भावना दुखवायला लिहीत नाहीये. पहिल्या महायुद्धात गॅसने सुमारे ९०,००० मेले. तोफांनी आणि मशीनगनींनी मेले लाखोंनी. एकूण सैनिकांच्या मृत्यूंत गॅसचा वाटा जेमतेम एक टक्का. मस्टर्डने जखमी झालेल्यांपैकी शंभरात दोन-तीनच मेले. मग तोफगोळ्याने आतडी बाहेर आलेला माणूस सभ्य मरण मरतो आणि हा असभ्य, असं का? १९२५ चा जिनिव्हा करार, १९९३ चा रासायनिक अस्त्रबंदीचा करार, हेगला अख्खी संघटना, तिला २०१३ चं शांततेचं नोबेल. तोफगोळ्यासाठी असलं काही का नाही?


कातरवेळ

खडूस, मी बर्न्स वॉर्डात अकरा वर्षं नर्स आहे. शंभरात दोन-तीन मेले हे बरोबर. उरलेल्या सत्त्याण्णवांचं सांगते.

मस्टर्डचे पेशंट मी पाहिलेले नाहीत, पण आमच्या प्रशिक्षणात त्यावर एक पूर्ण दिवस होता आणि तो डोक्यातून जात नाही. थेंब कातडीवर पडतो, एक-दोन मिनिटांत आत जातो, पेशींच्या डीएनएला चिकटतो. त्या क्षणी माणसाला काही कळत नाही. चार-सहा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पापण्या सुजून मिटतात. मग लाली, मग फोड, पिवळट, घुमटासारखे मोठे. कुठे येतात? जिथे घाम असतो तिथे. काखेत, जांघेत, मानेच्या वळीत, गुडघ्यामागे, गुप्तांगावर. साध्या भाजलेल्या पेशंटला निदान एका कुशीवर झोपवता येतं. याला कुठल्याच कुशीवर नाही.

भाजल्याच्या जखमेसारखी दिसली तरी ती तशी नसते. भाजलेल्याला आम्ही सलाइन भरभरून देतो, याला तसं दिलं तर फुफ्फुसात पाणी होईल, कारण अंगातून तेवढा द्रव गेलेलाच नसतो. आणि भरायला दुप्पट वेळ लागतो. एक भीती मात्र खोटी : फोडातल्या पाण्याने दुसऱ्याला लागण होत नाही, त्यात मस्टर्ड उरलेलं नसतं. लागतं ते कपड्यांमधून.

आणि आठवड्याभरात, जखमा जरा सुकल्या म्हणेपर्यंत, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात. अस्थिमज्जेलाच मार बसलेला असतो. मग साध्या जंतूने माणूस जातो. दुर्दैवाने उतारा याही विषाला नाही.


प्रयोगशाळेतला_उंदीर

@कातरवेळ, __/\__. एक पुरवणी : डीएनएला चिकटणारं रसायन म्हटल्यावर कर्करोग आलाच. जपानमध्ये ओकुनोशिमा नावाच्या बेटावर १९२९ पासून मस्टर्डचा कारखाना होता, इतका गुप्त की ते बेट नकाशावरून काढलं होतं. तिथल्या कामगारांत पुढे फुफ्फुसाचे आणि श्वासनलिकेचे कर्करोग खूप आढळले. आज ते बेट सशांसाठी प्रसिद्ध आहे, पर्यटक गाजरं घेऊन जातात.


खडूस

कातरवेळताई, मुद्दा पोचला. तरी माझा प्रश्न 'का' असा होता. यातना तर नापाममध्येही (पेटत्या जेलीच्या बॉम्बमध्येही) आहेत.


दहा_नऊ_आठ

@खडूस, मला वाटतं उत्तर सैनिकांकडे नाहीच. मुखवटा, सूट, खिशात ॲट्रोपिनचं इंजेक्टर असलेल्या सैन्यावर ही अस्त्रं फारशी चालत नाहीत, फक्त त्यांना घामाघूम करून ठेवतात. चालतात ती ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याच्यावर. २८ जून १९८७ ला इराणमधलं सरदश्त, सामान्य वस्तीवर मस्टर्ड. १६ मार्च १९८८ ला इराकमधलं हलबजा, काही तासांत ३,२०० ते ५,००० माणसं. २१ ऑगस्ट २०१३, सीरियात दमास्कसजवळचं घूता. तिथे लोक तोफांच्या माऱ्याला घाबरून तळघरात झोपत होते, आणि सारिनची वाफ हवेपेक्षा जड. मुलं वजनाच्या मानाने जास्त वेगाने श्वास घेतात, उंचीने जमिनीजवळ असतात. तोफगोळा सैनिक आणि मूल यांत भेद करत नाही. हे करतं, पण उलटा.


इतिहासवेडा

आणि आपल्याच माणसांवर प्रयोग, हे राहिलं. दुसऱ्या महायुद्धाआधी आणि त्या काळात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत भारतीय सैनिकांवर मस्टर्ड वापरून पाहिलं. भारतीय कातडीवर ते गोऱ्या कातडीपेक्षा जास्त परिणाम करतं का, हा प्रश्न होता. कित्येक जण भाजून दवाखान्यात गेले. ब्रिटनमध्येच पोर्टन डाउनच्या लष्करी प्रयोगशाळेत ६ मे १९५३ रोजी रोनाल्ड मॅडिसन हा वीस वर्षांचा हवाई दलातला पोरगा हातावर सारिनचे थेंब टाकून घेऊन मेला. तो मृत्यू बेकायदेशीर होता हे मान्य व्हायला २००४ उजाडलं.


रानजाई

मला या सगळ्यात वेगळंच काहीतरी खुपतंय. कुठेतरी वाचलं होतं की केमोथेरपी मस्टर्ड गॅसमधून आली. माझ्या मावशीला गेल्या वर्षी लिम्फोमासाठी सायक्लोफॉस्फामाइड दिलं. बरी आहे आता. पण म्हणजे तिच्या सलाइनमध्ये हेच होतं का?


दहा_नऊ_आठ

@रानजाई, हेच नाही, पण रक्ताचं नातं आहे. युद्धातल्या मस्टर्डमध्ये गंधक असतं, त्याच्या जागी नायट्रोजन असलेलं दुसरं कुटुंब आहे, आणि सायक्लोफॉस्फामाइड त्या कुटुंबातलं. डीएनएला चिकटणं तेच. कातरवेळताईंनी पांढऱ्या पेशी कोसळण्याचं लिहिलंय ना, केमोत नेमकी हीच गोष्ट मोजून मापून करतात : भराभर वाढणाऱ्या पेशी मारायच्या. मावशींना पाणी खूप प्यायला सांगितलं असेल, ते या औषधाचे अवशेष मूत्राशयाला पोळतात म्हणून.


इतिहासवेडा

ती गोष्ट बारीची! २ डिसेंबर १९४३, इटलीतलं बारी बंदर, जर्मन विमानांचा हल्ला. बुडालेल्या जहाजांत 'जॉन हार्वे' हे अमेरिकन जहाज होतं, त्याच्या पोटात २,००० मस्टर्ड बॉम्ब, आणि ते गुप्त. मस्टर्ड मिसळलेल्या तेलातून पोहून आलेले खलाशी तसेच ओल्या कपड्यांत, ब्लँकेट गुंडाळून रात्रभर बसवले, कारण डॉक्टरांना वाटलं नुसता धक्का आणि थंडी आहे. सकाळी डोळे मिटले, फोड आले. सहाशेच्या वर सैनिक-खलाशी इस्पितळात, त्यातले ८३ गेले. शहरातल्या लोकांचा हिशेब कुणी ठेवला नाही. लेफ्टनंट कर्नल स्ट्युअर्ट अलेक्झांडर या डॉक्टरने लक्षणांवरून मस्टर्ड ओळखलं, पांढऱ्या पेशींची नोंद केली, आणि त्यातून केमोथेरपी जन्माला आली.


दहा_नऊ_आठ

शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य. ही गोष्ट छान जुळते म्हणून सगळीकडे सांगतात, पण तारखा आड येतात. मस्टर्डने मेलेल्या सैनिकांत पांढऱ्या पेशी उरत नाहीत हे १९१९ सालीच छापून आलं होतं. आणि अमेरिकेतल्या येल विद्यापीठात गिलमन आणि गुडमन यांनी उंदरांवर प्रयोग करून पहिल्या माणसाला नायट्रोजन मस्टर्ड टोचलं ते ऑगस्ट १९४२ मध्ये. बारीच्या सव्वा वर्ष आधी. युद्धातली गुप्तता म्हणून १९४६ पर्यंत छापता आलं नाही, एवढंच. अलेक्झांडरचं काम मोठंच आहे, त्याने पेशंट वाचवले आणि खरं ते लिहिलं. पण बंदर जळलं म्हणून औषध मिळालं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तसं उलट दिशेने सांगायचं तर ल्युइसाइट घ्या. हे आर्सेनिकवालं अस्त्र, मस्टर्डसारखेच फोड, फक्त दुखतं लगेच. त्याच्यावर उतारा म्हणून ऑक्सफर्डला पीटर्सच्या गटाने डायमरकॅप्रोल काढलं. ल्युइसाइट युद्धात फारसं कुणी वापरलंच नाही, औषध मात्र आर्सेनिकच्या विषबाधेवर आजही वापरतात.


नीरा

एक व्यवहाराचा प्रश्न. कारखान्यातली गळती असो की आणखी काही, आपल्यासारख्याने करायचं काय?


दहा_नऊ_आठ

आधी तिथून निघायचं, वाऱ्याला आडवं किंवा उलट, आणि खोलगट जागा, तळघर टाळून उंचावर. मग कपडे उतरवायचे. लाज बाजूला. अंगावरचं बरंचसं विष कपड्यांतच असतं. डोक्यावरून ओढून काढायचे नाहीत, कापायचे, नाहीतर तेच तोंडाला फासलं जातं. मग भरपूर पाणी आणि साबण, डोळ्यांना नुसतं पाणी, बराच वेळ. घासायचं नाही.

कपड्यांचं महत्त्व टोकियोने शिकवलं. २० मार्च १९९५, भुयारी रेल्वेत ओम् शिनरिक्यो या पंथाने सारिन सोडलं. पाच हजारांवर माणसं दवाखान्यांत पोचली, बहुतेक अँब्युलन्सने नव्हे, तर पायी, टॅक्सीने, जमेल तशी. एकट्या सेंट ल्यूक इस्पितळात त्या दिवशी ६४० जण. सुरुवातीला विष वेगळंच असल्याचं कळवलं गेलं. आदल्या वर्षी मात्सुमोतोतल्या सारिन हल्ल्याचे पेशंट पाहिलेल्या डॉक्टरांनी टीव्हीवर बातम्या बघून टोकियोला कळवलं, की हे तेच दिसतंय. जागा पुरेना म्हणून इस्पितळाच्या प्रार्थनाघरात पेशंट ठेवले, सगळे आपापल्या कपड्यांत. खिडक्या बंद, हवा खेळती नाही. शंभरावर कर्मचाऱ्यांना त्रास झाला, सगळ्यात जास्त त्या प्रार्थनाघरात काम करणाऱ्यांना. डोळ्यांपुढे अंधारी, डोकेदुखी, नाक गळणं. माझ्या त्या कीटकनाशकाच्या रात्री माझंही डोकं दुखत होतं. मी जागरणावर खापर फोडलं होतं. पेशंटचा भिजलेला शर्ट पलंगाखालीच पडला होता.


कातरवेळ

हे आमच्या वॉर्डात छापून लावते. शर्टाचं.

आणि खडूस, सत्त्याण्णवांतलं थोडं राहिलं होतं. इराणमध्ये मस्टर्डने बाधलेल्या हजारो लोकांवर अजून उपचार चालू आहेत. फुफ्फुसाच्या अगदी बारीक नळ्या व्रण धरून बंद होत जातात, दरवर्षी थोड्या. कातडी कायम खाजते. काहींच्या डोळ्यांचं बुबुळ बरं होऊन वीस-तीस वर्षांनी पुन्हा पांढुरकं पडायला लागतं.


खडूस

हं. टक्केवारी काढताना हे कुठल्या रकान्यात धरायचं, माहीत नाही. माझा 'का' अजून पुरता सुटलेला नाही, पण आकडा मागे घेतो.


रानजाई

काल मावशीला हा धागा वाचून दाखवला. मस्टर्डचं ऐकून घाबरेल वाटलं होतं, तर तिने एकच विचारलं : "तो येलमधला पहिला माणूस, त्याचं पुढे काय झालं गं?"


दहा_नऊ_आठ

त्यांना सांग, तो जे. डी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. लिम्फोसार्कोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग), मानेत आणि जबड्याखाली इतक्या गाठी की गिळता येत नव्हतं, हात खाली घेता येत नव्हते. दहा दिवस रोज इंजेक्शन दिलं. गाठी विरघळल्या, तो जेवू लागला, मान वळवू लागला. मग पांढऱ्या पेशी कोसळल्या, आणि गाठी परत आल्या. १ डिसेंबर १९४२ ला गेला. केसपेपरवर औषधाचं नाव लिहायला मनाई होती. तिथे फक्त 'पदार्थ एक्स' असं आहे.